जुन्या गाडीचा पत्रा: शिसं कुठे भरावं, पुट्टी कुठे लावावी

जुन्या गाडीचा रंग उतरवला की पत्र्यावर बऱ्याचदा दोन गोष्टी उघड्या पडतात. जोडांवर कारखान्यातच भरलेलं शिसं, आणि नंतर कधीतरी पोच्यांवर थापलेली पुट्टी. पहिलं साठ-साठ वर्षं जागचं हललेलं नसतं. दुसरीखाली अनेकदा गंजाचा चुरा निघतो. हे पाहून नवखा माणूस ठरवतो की शिसं म्हणजे खरं काम आणि पुट्टी म्हणजे फसवणूक. हा निष्कर्ष चुकीचा आहे. चांगली दोन-घटकी पॉलिस्टर पुट्टी स्वच्छ, सरळ केलेल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीत लावली तर ती वर्षानुवर्षं टिकते. शिसंही घाण पत्र्यावर भरलं तर सुटतं. गाडीच्या कोणत्या जागी काय लावायचं आणि खालचा पत्रा किती नीट तयार केलाय, यावर सगळं अवलंबून आहे. हा लेख पद्मिनी, अँबेसेडर, मॉरिस, जुनी जीप किंवा परदेशी क्लासिक गाडी स्वतः उभी करू पाहणाऱ्यांसाठी आहे. ॲल्युमिनियमच्या बॉडीला शिसं चालत नाही, म्हणून इथे फक्त पोलादी पत्र्याचा विचार केला आहे.

दोन्ही पदार्थ नेमके काय आहेत

आपण ज्याला शिसं म्हणतो ते निव्वळ शिसं नसतं, तो डाख म्हणजे सोल्डर असतो. बॉडीच्या कामाला साधारण 30 टक्के कथील आणि 70 टक्के शिसं असलेला डाख वापरतात. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि कथील 232 ला, पण हे मिश्रण 183 अंशांना मऊ पडायला लागतं आणि साधारण 255 अंशांना पूर्ण पातळ होतं. मधल्या सत्तर अंशांत ते ना घट्ट असतं ना पातळ. थापीने दाबलं की दबतं आणि दाबलं तिथेच राहतं. बॉडीचं सगळं काम या सत्तर अंशांत चालतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी 60/40 ची तार इथे निरुपयोगी आहे, कारण ती 183 ते 190 अंशांतच घट्टाची पातळ होते आणि उभ्या पत्र्यावरून सरळ खाली ओघळते. निव्वळ शिसंही नको, ते पोलादाला धरतच नाही.

पुट्टी म्हणजे पॉलिस्टर रेझिन, त्यात टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड, आणि हलक्या प्रकारांत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे. रेझिनमध्ये स्टायरीन असतं, उघडलेल्या डब्याचा तो उग्र वास त्याचाच. पुट्टी घट्ट व्हावी म्हणून तिच्यात मिसळायचा दुसरा घटक, हार्डनर, म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइडची लाल किंवा निळी पेस्ट. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या मध्यावर अशी पुट्टी बाजारात आली आणि हळूहळू गॅरेजमधलं शिसं मागे पडलं. कारखान्यांत शिसं घासायचं काम वेगळ्या बंद खोलीत, बाहेरून हवा पुरवणारी शिरस्त्राणं घालून करावं लागायचं. पुढे जोडांची रचनाच बदलली. आजच्या अनेक गाड्यांच्या छपरावर दोन्ही बाजूंना जी काळी रबरी पट्टी दिसते, तिच्याखाली तोच जोड असतो, फक्त तो भरून लपवण्याची गरज उरलेली नाही.

आधी गाडीत काय भरलंय ते ओळखा

छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली जाड भराव आहे. पण तो शिशाचा की पुट्टीचा, हे चुंबक सांगत नाही. त्यासाठी एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने ओरखडा काढा. चकचकीत रुपेरी रेघ उमटली आणि धातू मऊ लागला तर शिसं. पिवळी, गुलाबी, पांढरी किंवा करडी भुकटी निघाली तर पुट्टी.

ही तपासणी रंग काढण्याआधीच करा. शिशाच्या जोडावर ग्राइंडर किंवा सँडब्लास्ट चालवलं की शिशाची धूळ सगळ्या शेडमध्ये पसरते. जुन्या रंगातही बऱ्याचदा शिसं असतं. जोडांच्या जागी रंग केमिकल स्ट्रिपरने काढावा, आणि चांगलं, न सुटलेलं जुनं शिसं असेल तर त्याला हात लावू नये. फक्त जुनं आहे म्हणून ते काढून नवं भरण्यात काहीच अर्थ नाही. मात्र शेजारी गंजाचे फोड आले असतील, किंवा जोडाच्या रेषेत रंगाला तडा दिसत असेल, तर ते मऊ होईपर्यंत तापवून लोखंडी पत्तीने खरवडून काढा आणि खालचा जोड बघा. तडा गेलेल्या शिशाखाली बहुतेक वेळा तुटलेलं स्पॉट वेल्डिंग सापडतं.

कुठे काय

शिसं शोभतं ते अरुंद आणि कडेच्या जागी. छप्पर आणि मागचं मडगार्ड जिथे मिळतात तो जोड, दरवाज्याची आणि डिकीची कड, पन्हळीजवळचा भाग, सिल (दाराखालचा उंबरठा) आणि पिलर (छपराचा खांब) यांचा सांधा. या जागा वळतात, थरथरतात, दार आपटलं की दणका खातात. दाराच्या कडेला लावलेली पुट्टी एका आपटण्यात टवका उडून पडू शकते. शिसं पोलादाशी धातूच्या बंधाने जोडलेलं असतं आणि स्वतः मऊ असतं, त्यामुळे ते तडकण्याऐवजी थोडंसं दबतं. दोन दरवाज्यांमधली फट एकसारखी 4 मिलिमीटर करायची असेल तर कडेवर शिसं चढवून कानशीने हवी तशी उतरवता येते. हे काम पुट्टीने होत नाही.

बॉनेटचा मध्य, छपराचा मध्य, दाराची सपाट बाजू इथे मात्र नवख्याने शिशाच्या वाटेला जाऊ नये. जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण 0.9 ते 1 मिलिमीटर जाडीचा असतो. कमी गोलाईच्या मोठ्या पृष्ठभागावर ज्योत फिरली की तो ताणला जातो, थंड झाल्यावर लाटा पडतात किंवा मधला भाग बोटाने दाबताच टक् करून आत-बाहेर व्हायला लागतो. एक हातभर पोचा भरायला जाऊन अख्खं बॉनेट बिघडतं. अशा जागी हातोडी आणि डॉलीने (मागून आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) पत्रा सरळ करा आणि उरलेल्या एक-दोन मिलिमीटरला पुट्टी लावा. सडलेल्या पत्र्यावर मात्र दोन्हींपैकी काहीही नको. भोकावर जाळी लावून पुट्टी भरली की मागच्या बाजूने ओल येत राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत फोड वर येतात. गंजकं पोलाद डाख धरत नाही, त्यामुळे शिशाचा तर प्रश्नच नाही. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढाच नवा पत्रा घडवून वेल्ड करा आणि मगच भरावाचा विचार करा.

हा क्रम मोडू नका. एकदा शिसं चढलं की त्याच्या आसपास वेल्डिंग करता येत नाही. शिशाचा अंश वेल्डमध्ये गेला की वेल्ड ठिसूळ आणि भोकाभोकांचं होतं, शिवाय शिसं तापून त्याचा धूर होतो. वेल्डिंग पूर्ण, मग शिसं, मग पुट्टी.

शिशासाठी साहित्य आणि स्वतःची काळजी

शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांना ते सगळ्यात जास्त बाधतं. काम करताना डाख 250 अंशांच्या आसपास असतो आणि शिशाची वाफ खऱ्या अर्थाने त्रासदायक व्हायला लागते ती साधारण 500 अंशांच्या पुढे. म्हणजे ज्योत एका जागी रोखून धरली नाही तर मुख्य धोका वाफेचा नाही, धुळीचा आणि हातांचा आहे. म्हणून शिशावर कुठलंही फिरणारं यंत्र चालवायचं नाही. ग्राइंडर नाही, ऑर्बिटल सँडर नाही. कानस हाताने चालवली की जड किसाचे तुकडे पडतात, ते सरळ खाली जमिनीवर जातात आणि गोळा करता येतात.

पी100 दर्जाचे फिल्टर असलेला रबरी अर्धमुखवटा वापरा, कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क इथे बिनकामाचा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा वेगळा शर्ट, जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रांचा थर. कामाच्या जागी चहा, पान, तंबाखू, सिगरेट काहीही नको. काम झालं की किस ओल्या कागदाने उचलून झाकणाच्या डब्यात ठेवा, तो पुन्हा वितळवता येतो. झाडूने झाडू नका. हात आणि तोंड साबणाने धुवा, कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. हे काम वरचेवर करत असाल तर वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या.

साहित्य असं लागेल: 30/70 च्या डाखाच्या पट्ट्या, कल्हईची पेस्ट म्हणजे डाखाची पूड मिसळलेला फ्लक्स (पोलाद साफ करून डाख धरायला लावणारं रसायन), मऊ आणि रुंद ज्योत देणारा एलपीजी टॉर्च, सागवान किंवा तशाच घट्ट लाकडाच्या दोन थाप्या (एक सपाट, एक अर्धगोल), मधमाशीचं मेण, वक्र दातांची बॉडी कानस, धुतलेल्या सुती चिंध्या आणि खाण्याचा सोडा. ऑक्सी-ॲसिटिलीनची ज्योत अनुभवी हातात ठीक, नवख्यासाठी ती फार तिखट आहे. जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून पट्ट्या ओतण्याचा मोह टाळा. त्यात अँटिमनी आणि आर्सेनिक असू शकतं, आणि त्याचा धूर जिवावर बेततो.

किती डाख लागेल याचा हिशेब सोपा आहे. या मिश्रणाची घनता साधारण 9.7 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. जोड 15 सेंटिमीटर लांब, 3 सेंटिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर खोल असेल तर घनफळ 13.5 घनसेंटिमीटर, म्हणजे 130 ग्रॅम. तिसरा हिस्सा कानशीत जातो असं धरून 200 ग्रॅम जवळ ठेवा. तेवढ्याच जागेला पुट्टी पाव हिश्शाहूनही कमी वजनाची लागते.

ज्या भागावर काम आहे त्याच्या आतल्या बाजूला काय आहे ते बघितल्याशिवाय टॉर्च पेटवू नका. अस्तर, वायरिंग, काचेची रबरं काढा. पेट्रोलची टाकी त्या बाजूला असेल तर ती गाडीतून उतरवून दुसरीकडे ठेवा. डांबरी अंडरकोटिंग पत्र्याच्या मागून पेट घेतं आणि पुढून कळतही नाही. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नये.

शिसं भरायच्या पायऱ्या

एक. भरावाच्या जागेभोवती 5 ते 7 सेंटिमीटरपर्यंत पत्रा पांढरा करा. रंग, प्रायमर, गंज, सीलर काही राहता कामा नये. जोडाच्या फटीत आणि गंजाच्या बारीक खड्ड्यांत तारेचा ब्रश पोचत नाही, तिथे टोकदार पत्तीने खरवडा. जुनं शिसं नसेल तर छोट्या नोझलने सँडब्लास्ट करा. शेवटी थिनरने पुसा आणि थिनर पूर्ण उडेपर्यंत थांबा.

दोन. कल्हई. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लावताना नवसागर टाकून कथील फिरवतात, तीच क्रिया इथे पोलादावर करायची आहे. हिच्यातच सगळ्या कामाचं यश ठरतं. पेस्ट ब्रशने पातळ लावा. टॉर्च 15 ते 20 सेंटिमीटर लांब धरून गोल फिरवत ठेवा, ज्योत पेस्टवर रोखू नका. पेस्ट आधी सुकते, मग तपकिरी होते, फसफसते, आणि मग एका क्षणी तपकिरी थरातून रुपेरी ठिपके वर येतात. त्याच क्षणी घडी केलेल्या सुती चिंधीने एका दिशेला पुसून घ्या. खाली आरशासारखी एकसंध रुपेरी पातळी दिसली पाहिजे. मधे काळे किंवा निळसर ठिपके राहिले तर तिथे पोलाद घाण होतं किंवा जास्त तापलं. तिथे पुन्हा घासा, पुन्हा पेस्ट, पुन्हा ताप. 'वर शिसं येईलच' म्हणून असा ठिपका सोडला तर तोच ठिपका दोन वर्षांनी रंगावर फोड म्हणून दिसतो.

तीन. पत्रा थंड झाला की गरम पाण्याने धुवा. पेस्टमध्ये झिंक क्लोराईड असतं, ते आम्लधर्मी आहे आणि पाणी ओढतं. धुऊन झाल्यावर पूर्ण कोरडं करा.

चार. डाख चढवणं. पत्रा हलका तापवा, पट्टीचं टोक पत्र्याला टेकवा आणि ज्योत दोन्हींवरून ये-जा करत ठेवा. टोक मऊ पडलं की दाबून किंचित पिरगाळा, एक गोळा पत्र्यावर राहील. दोन-तीन सेंटिमीटरवर दुसरा. असे गोळे ठेवत जा. ज्योत फक्त डाखावर मारली तर तो वितळून थंड पत्र्यावर पडतो, चिकटल्यासारखा दिसतो आणि कानस लागताच सपकन उचकटतो. ताप पत्र्याला द्यायचा, डाखाला नाही.

पाच. थापी. मेण एका ताटलीत वितळवून थापीचा तळ त्यात बुडवा. गोळे पुन्हा मऊ करा आणि थापीने पसरवा. डाखाचा पृष्ठभाग मंद, दाणेदार चमकत असेल तर ताप बरोबर आहे. अचानक आरशासारखा चकाकला तर तो ओघळणार आहे, ज्योत लगेच बाजूला घ्या. थापीखाली चुरा होत असेल तर थंड पडलाय, पुन्हा तापवा. थापीवर मेण दर दोन-तीन फटक्यांनी लावा, नाहीतर लाकूड जळून डाखाला चिकटतं. उभ्या पत्र्यावर एका वेळी हाताच्या तळव्याएवढाच भाग घ्या. सगळीकडून पत्र्यापेक्षा एक ते दीड मिलिमीटर उंच ठेवा. खड्डा राहिला तर नंतर चढवताना शेजारचा घडलेला भागही पुन्हा मऊ होतो, म्हणून कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त बरं.

सहा. आपोआप थंड होऊ द्या. पाणी मारू नका, पत्रा आकसून वेडावाकडा होतो.

सात. कानस. पत्र्याच्या लांबीला साधारण तीस-चाळीस अंश तिरकी धरून लांब फटके मारा. सुरुवात कडांपासून, आतल्या बाजूला. कड पत्र्याशी मिळाली की मग मधला उंचवटा उतरवा. उलट केलं तर मध्य खाली जातो आणि कडेला पायरी राहते. किस लांब आणि गुळगुळीत सुटत असतील तर कानस बरोबर लागली आहे. भुगा पडत असेल तर दात भरलेत, तारेच्या ब्रशने साफ करा. कानस शेजारच्या पोलादावर कर्कश आवाज करायला लागली की थांबा. तिथे पत्रा पातळ होत असतो, आणि आधीच 0.9 मिलिमीटरच्या पत्र्यात गमवायला काही नसतं.

आठ. शेवटचा हात 80 नंबरच्या वॉटर पेपरने, ठोकळ्यावर, साबणाच्या पाण्याने ओलं ठेवून. इथे पाणी हवंच, कारण ओल्यात धूळ उडत नाही. चोथा लगेच पुसून त्याच डब्यात टाका.

नऊ. धुणं. आधी मेण थिनरने किंवा वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसा, कारण मेणाखाली पाणी पोचत नाही. मग लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पुन्हा एकदा हेच. पीएच पट्टी ओल्या पृष्ठभागाला लावून बघा, 7 च्या आसपास आली पाहिजे. हीट गनने कोरडं करा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत उघडं पोलाद काही तासांत लाल होतं. शिशावरचा रंग सुटतो तेव्हा दोष जवळपास नेहमी या नवव्या पायरीत असतो, शिशात नाही.

पहिला प्रयत्न कधीही गाडीवर करू नका. भंगारातून एखादं जुनं मडगार्ड किंवा दार आणा, त्याला उभं ठेवा आणि उभ्यावरच सराव करा. आडव्यावर सगळ्यांनाच जमतं.

पुट्टी नीट लावायची तर

पुट्टीचं नाव खराब झालं ते जाड थापल्यामुळे आणि पाण्याने घासल्यामुळे. 3 मिलिमीटरपर्यंत ती निर्धास्त चालते, 6 मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. त्याहून खोल पोचा असेल तर पत्र्याचं काम अर्धवट राहिलंय. एकेरी डब्यातली, हार्डनर न लागणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी ही वेगळी चीज आहे. ती थिनर उडून सुकते, त्यामुळे महिनोन्महिने आकसत राहते आणि चकचकीत रंगाखाली घासलेल्या रेषा वर येतात. तिने पोचे भरू नका.

पत्रा 80 नंबरने घासून खरखरीत करा, किंवा त्यावर आधी एपॉक्सी प्रायमर मारून डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत पुट्टी लावा. दमट हवेत दुसरी पद्धत अधिक भरवशाची, कारण पोलाद आधीच झाकलेलं असतं. ॲसिड-एचिंग (आम्ल असलेल्या) प्रायमरवर मात्र पुट्टी लावू नका, ती नीट धरत नाही.

हार्डनर वजनाच्या 2 टक्के. 100 ग्रॅम पुट्टीला 2 ग्रॅम. डोळ्याने अंदाज करणारे जवळपास नेहमी जास्त घालतात, म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, तो एका पुट्टीच्या डब्याच्या किमतीत येतो. 25 अंशांना 4 ते 6 मिनिटं हातात मिळतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात दुपारी काम करूच नका, सकाळी करा आणि हार्डनर दीड टक्क्यापर्यंत आणा. डिसेंबरच्या थंडीत अडीच-तीनपर्यंत चालतो. कमी पडला तर पुट्टी आतून कच्ची राहते. जास्त झाला तर न वापरला गेलेला पेरॉक्साइड वर येऊन पांढऱ्या-फिक्या रंगावर पिवळट डाग उमटवतो, आणि तो डाग रंगाच्या कितीही थरांनी झाकला जात नाही.

मिश्रण काच, पत्रा किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर करा. पुठ्ठा नको, तो रेझिनमधलं स्टायरीन शोषतो. हार्डनरची ट्यूब आधी चोळून घ्या, आणि डब्यातली पुट्टीही ढवळा, कारण रेझिन वर तरंगतं. मळताना दाबत, दुमडत मिसळा. फेटलं की हवा शिरते आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी शेकडो छिद्रं उघडी पडतात. रंगात हार्डनरची एकही रेघ दिसते तोवर थांबू नका.

पहिला थर पत्तीने जोर देऊन कागदाइतका पातळ ओढा, म्हणजे पुट्टी ओरखड्यांत बसते. लगेच त्यावर दुसरा भरायचा. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको. थोड्या वेळाने नख टोचलं की खूण उमटते पण चिकटत नाही, त्या वेळी किसणीसारखे दाते असलेली रँधा-कानस चालवून वरचा चिकट थर आणि उंचवटे काढा. पूर्ण घट्ट झाल्यावर 80 नंबर, 30 सेंटिमीटर लांबीच्या ठोकळ्यावर, आडवे-तिडवे फटके. हाताच्या बोटांवर कागद धरून घासलं की बोटांच्या पन्हळी पडतात आणि काळ्या रंगाखाली त्या लख्ख दिसतात. काळा स्प्रे लांबून भुरभुरा मारून घासा, जिथे काळं राहतं तो खोलगट भाग. 80 नंतर 120, मग 180. बारीक छिद्रांना दोन-घटकी ग्लेझिंग पुट्टीचा एक थर, तो 180 आणि 240 ने उतरवून टूके (2K, म्हणजे दोन-घटकी) प्रायमर.

घासणं कोरडंच, हे आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडलं जातं. अनेक डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये बादलीत वॉटर पेपर बुडवून पुट्टी घासतात, कारण तसं लवकर होतं आणि धूळ उडत नाही. पण पुट्टी पाणी शोषून घेते. वरून कोरडी दिसणारी पुट्टी आत ओली राहते, तिच्यावर प्रायमर पडतो आणि ते पाणी पत्र्याकडे जातं. सहा महिन्यांनी जे फोड येतात त्यांचं खापर मग कंपनीच्या नावावर फुटतं. गाडी शेडला देत असाल तर काम सुरू होण्याआधीच सांगा: पुट्टी कोरडी घासा, पाणी फक्त प्रायमरनंतर. धुळीसाठी मास्क वापरा, आणि पुट्टी मळताना स्टायरीनसाठी ऑरगॅनिक व्हेपरचा फिल्टर. पावसाळ्यात घासलेली पुट्टी रात्रभर उघडी ठेवू नका, हवेतली ओलही ती ओढते. ठेवावी लागलीच तर सकाळी पत्रा 40 अंशांच्या आसपास तासभर तापवून मग प्रायमर मारा.

दोन्ही एकाच जागी

जोडावर शिसं आणि त्याच्या शेजारच्या सपाट भागावर पुट्टी, ही जोडी उत्तम चालते. शिशाच्या पृष्ठभागावर राहिलेली कानशीची बारीक नक्षीही पुट्टीच्या पातळ थराने भरता येते. मात्र शिशावर थेट पुट्टी कधीच नको. फ्लक्सचा थोडा अंश राहिलेला असेल तर तो पुट्टीचा तळ सोडवतो. सोड्याने धुणं, दोन थर एपॉक्सी प्रायमर, डब्यावर दिलेला वेळ, 180 ने हलकं घासणं, आणि मग पुट्टी, हाच क्रम.

रंगाची भट्टी 60 ते 80 अंशांची असते, तिचा शिशाला काही त्रास नाही. पण पावडर कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंशांवर चालते. शिसं भरलेलं दार, डिकीचं झाकण किंवा मडगार्ड पावडर कोटिंगला दिलं तर ज्या तापमानाला डाख मऊ पडायला सुरुवात होते तिथेच ते राहणार, आणि जोडावरचं शिसं भट्टीच्या तळाशी सापडू शकतं. पुट्टी भरलेला भागही तिथे देऊ नये. असे भाग द्यायच्या आधी चुंबक फिरवून बघा.